दगडांना दाढी फुटली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: डोंबिवलीचे एक गृहस्थ, वय ४१, बँकेत नोकरी. १४ महिन्यांपासून घरात सुमारे २०० लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. खाली संप, म्हणजे पाणी फिरवणारी दुसरी छोटी टाकी, त्यात स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र. कोरल (प्रवाळ) नाहीत, दगड, वाळू, दोन निमो, एक डॅमसेल, एक गोबी. गेले चार महिने दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलंय. दर रविवारी तीन तास हात घालून उपटतात, बुधवारपर्यंत ते परत येतं. शेवाळ मारायच्या तीन बाटल्या संपल्या. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही टेस्ट शून्य दाखवतात. उडालेल्या पाण्याच्या जागी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एकाने फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या सुचवल्यात, मालवणचा मित्र समुद्रातले ‘जिवंत’, म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्ती असलेले, दगड आणून देतो म्हणतोय, आणि पत्नीचं म्हणणं, विकून मोकळे व्हा. त्यांचा प्रश्न: गोळ्या टाकू, सगळं मोडून नव्याने सुरू करू, की विकू? सहावीतली मुलगी रोज विचारते, मासे मरतील का.

प्रिय डोंबिवलीकर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ‘खाणं एकदम कमी घालतो’ असं तुम्ही लिहिलंय. त्यानंतरच्या पानावर मुलगी शाळेत जाताना दाणे घालते. शेवटाकडे तुमच्या आई येतात, दुपारी ‘थोडंसं’ घालतात, कारण मासे काचेशी येऊन बघत राहतात. आणि तुम्ही स्वतः रात्री ऑफिसातून आल्यावर फ्रोझन क्यूब टाकता. तिघंही खरं बोलताय. प्रत्येक जण कमीच घालतो. पण चार माशांना घरातली तीन माणसं जेवू घालताहेत, आणि निमो हा असा प्राणी आहे की तो पोट भरलेलं असतानाही उपाशी चेहरा करतो.

हे मी आधी लिहितेय कारण तुमच्या तिन्ही पर्यायांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शेवाळ हा रोग आहे, आणि त्याला मारायला हवं. मला वाटतं शेवाळ हा हिशेब आहे. टँकमध्ये येतं किती आणि बाहेर जातं किती, यातला फरक तुमच्या दगडांवर हिरव्या अक्षरांत लिहिला जातोय. गोळी टाकून अक्षरं पुसता येतील. फरक तसाच राहील.

आता शून्याबद्दल. टेस्ट शून्य दाखवते म्हणजे पाणी स्वच्छ, मग हे शेवाळ जगतं कशावर, असं तुम्ही वैतागून विचारलंय. तुम्ही बँकेत आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चटकन कळेल. महिनाअखेरीला एखाद्या खात्यात शिल्लक शून्य दिसली तर तुम्ही म्हणता का, की या माणसाला पगारच नाही? टेस्ट किट शिल्लक दाखवते, उलाढाल दाखवत नाही. माशांच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या दाण्यांतून जे सुटतं ते तुमच्या टेस्ट किटच्या आधी शेवाळाला सापडतं. जितकं शेवाळ जास्त, तितकं शून्य पक्कं.

उलाढालीचा अंदाज घ्यायचा असेल तर साधं गणित करा. माशांच्या सुक्या खाण्यात फॉस्फरस साधारण एक टक्का धरू. एक ग्रॅम खाण्यात १० मिलिग्रॅम, म्हणजे फॉस्फेटच्या हिशेबात सुमारे ३० मिलिग्रॅम. २०० लिटरमध्ये ते पसरलं तर दर लिटरला ०.१५ मिलिग्रॅम. बरेच रीफवाले, म्हणजे टँकमध्ये कोरल पाळणारे, लोक फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आत ठेवायची धडपड करतात. त्यातलं काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर काढतो, हे खरं. तरी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा तिघांची चिमूट एकापाठोपाठ एक मोजून बघा. आईंची चिमूट सगळ्यात मोठी निघेल अशी माझी पैज आहे. आज्यांची तशीच असते.

दुसरा संशयित तुमच्या ओट्यावर टांगलेला आहे. घरगुती आरओ पिण्यासाठी उत्तम, पण बऱ्याच मशिनांमध्ये चव राहावी म्हणून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) अॅडजस्टर असतो. तो थोडं न गाळलेलं पाणी मुद्दाम परत मिसळतो. नाहीतर मिनरलचं कार्ट्रिज असतं, ते काही क्षार पुन्हा सोडतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. माणसाला चालतं, टँकच्या दृष्टीने ते खतच. आणि टँकमधून उडून जातं ते फक्त पाणी, बाकी सगळं मागे राहतं, मिठागरात राहतं तसं. तुमच्याकडे रोज तीन लिटर पाणी उडत असेल, आणि पंखा लावलेला असेल तर सहज उडतं, तर १४ महिन्यांत तुम्ही १,२०० लिटरहून जास्त पाणी ओतलंत. टँकच्या सहापट. त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम नायट्रेट जरी असलं तरी सगळं मिळून टँकमध्ये लिटरला ३० च्या वर भर पडली. वॉटर चेंजने त्यातलं थोडं गेलं असेल. थोडंच, कारण दहा टक्के पाणी बदललं की साठलेल्यातलं दहा टक्केच जातं.

दोनशे-तीनशे रुपयांत टीडीएस पेन मिळतो, तो आधी घ्या. टँकच्या पाण्यात नका बुडवू, खाऱ्या पाण्यात त्याचा आकडा निरर्थक आहे. आरओच्या नळाखाली धरा. ४०-५० आला तर अॅडजस्टर पूर्ण बंद करता येतो का ते मेकॅनिकला विचारा, किंवा टँकसाठी वेगळा छोटा आरओ-डीआय बसवा, म्हणजे आरओतून उरलेले क्षार रेझिनमध्ये पकडणारा. शेवटी डीआय रेझिनमधून आलेल्या पाण्याचा आकडा शून्य हवा. इथेही एक फसवणूक आहे. सिलिका रेझिनला सगळ्यात सैल धरून असते, रेझिन संपत आलं की तीच पहिली निसटते, आणि पेनला ती जवळपास दिसतच नाही. आपला सगळा दख्खन बसाल्टचा. बोअरच्या पाण्यात सिलिका भरपूर. सोसायटीत टँकर किंवा बोअर येत असेल आणि सिलिकेवर पोसणारा तपकिरी पावडरसारखा थर काचेवर वारंवार बसत असेल तर पेन शून्य दाखवत असतानाही रेझिन बदला.

इथे थांबून एक खात्री करून घेऊ. तुम्ही ‘केसाळ हिरवं’ म्हणताय त्यावर मी विसंबून लिहितेय. हा मजकूर वाचणाऱ्या इतरांच्या घरी कदाचित दुसरंच काही असेल, आणि उपाय उलटे पडू शकतात. चिमटीत धरून ओढलं की मऊ केसांसारखं सुटून येतं ते साधं हेअर अॅल्गी. नेच्याच्या पानासारखं, मधे शीर आणि दोन्ही बाजूंना पिसं दिसली तर ब्रायोप्सिस. ते चिवट, शेवाळ खाणाऱ्या गोगलगायीही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वाळूवर लालसर-जांभळी साय धरते आणि पूर्ण पापुद्रा उचलला जातो ती सायनोबॅक्टेरिया, ते शेवाळच नव्हे. आणि शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यात बुडबुडे, सकाळी कमी, संध्याकाळी दाट, आणि गोगलगायी कारण नसताना मरताहेत: तर डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय जीव. संशय असेल तर तो शेंबूड थोड्या पाण्यासकट बाटलीत घालून जोरात हलवा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा, आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा धागे जमले तर तेच. हे प्रकरण बहुधा नायट्रेट-फॉस्फेट खरोखरच तळाला गेल्यावर माजतं, म्हणून तिथे खाणं तोडणं आणि फॉस्फेट शोषणारी पावडर ओतणं म्हणजे आगीत तेल. तुम्हीही लक्षात ठेवा, आपल्याला शून्यावर जायचं नाहीये. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, आणि शेवाळ आटोक्यात. तेवढं पुरे.

आता मोडून नव्याने सुरू करण्याचा विचार. हा मोह मी ओळखते, कारण मी तो पूर्ण केलाय. वर्गात प्राणिशास्त्र शिकवणारी बाई, आणि घरच्या टँकला कंटाळून एका मे महिन्यात सगळं उपसलं. दगड ब्लीच केले, वाळू फेकली, मासे एका विद्यार्थ्याकडे ठेवले. नवा टँक तीन आठवडे आरशासारखा होता. मग तपकिरी थर, मग लाल साय, आणि दिवाळीच्या सुमारास तेच हिरवं केसाळ, त्याच कोपऱ्यात. दगड बदलले होते, वाळू बदलली होती. नळ तोच होता आणि खाणं घालणारी मी तीच. वर तुर्रा असा की जुन्या दगडांत जी सूक्ष्म वस्ती वर्षभरात जमली होती, तीही मी ब्लीचमध्ये मारून टाकली होती. मोकळी जागा समुद्रात कोणी फार वेळ मोकळी ठेवत नाही. पहिलं येऊन बसतं ते शेवाळच. तुमचा १४ महिन्यांचा टँक आता कुठे वयात येतोय.

गोळ्यांबद्दल मी सरसकट ‘नाही’ म्हणणार नाही. फ्लुकोनॅझोल हे माणसांचं बुरशीविरोधी औषध, आणि ब्रायोप्सिसवर, कधीकधी हेअर अॅल्गीवरही, ते चालतं असा अनेक छंदिष्टांचा अनुभव आहे. पण ते तुमच्या सध्याच्या टँकमध्ये टाकलंत तर काय होईल? मूठ-दोन मुठी शेवाळ एकदम मरेल, तिथेच कुजेल, पाण्यातला ऑक्सिजन ओढेल, आणि त्याने चार महिने साठवलेलं सगळं परत पाण्यात सोडेल. मग पुढचं पीक. आधी हाताने नव्वद टक्के काढा, पाणी आणि खाणं सुधारा, आणि तीन महिन्यांनी ब्रायोप्सिसच उरलंय अशी खात्री झाली तर पुन्हा लिहा. सायनोसाठी लोक अँटिबायोटिक टाकतात, त्याला मात्र माझा साफ विरोध. ते पाणी शेवटी मोरीतच जातं. आणि तुमच्या त्या तीन बाटल्यांतल्या एखाद्यावर तांबं, म्हणजे कॉपर, लिहिलेलं असेल तर मला नक्की कळवा. कॉपर दगडांत मुरून राहतं आणि गोगलगायींना मारतं. मग मी खाली जे सुचवणार आहे ते करण्याआधी कॉपरची टेस्ट करावी लागेल.

मालवणच्या मित्राला प्रेमाने नाही म्हणा. प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. समुद्रातला ‘जिवंत दगड’ बहुतेक वेळा जुन्या प्रवाळाचाच सांगाडा असतो. वाळू साफ करायला समुद्रकाकडी घ्या असं कोणी सुचवलं, तर तिलाही याच कायद्याचं संरक्षण आहे. काही गोगलगायींनाही संरक्षण आहे, तेव्हा दुकानदाराला जात विचारून घ्या आणि तो उत्तर टाळत असेल तर दुसरं दुकान बघा. मित्राला म्हणावं, दगड नकोत, सोलकढी पाज.

मग करायचं काय? पहिला बदल रविवारी. टँकच्या आत हात घालून घासणं बंद. आत ब्रश फिरवला की तुटलेला प्रत्येक तुकडा पंपाच्या प्रवाहावर बसून नवीन दगड शोधतो. तुमचं बुधवारचं शेवाळ हे बरंचसं रविवारचंच असतं. त्याऐवजी वॉटर चेंजसाठी काढलेलं टँकचंच पाणी बादलीत घ्या, दोन दगड उचलून त्यात धरा, जुन्या टूथब्रशने घासा, खळखळून विसळा, परत ठेवा. पाणी फेकून द्या. एका रविवारी दोनच दगड. जे उचलता येत नाहीत त्यांचं शेवाळ एका हाताने उपटायचं आणि दुसऱ्या हातात एअरपंपाची बारीक नळी धरून तिथल्या तिथे ओढून घ्यायचं. तासाभरात काम आटपतं. उरलेले दोन तास पत्नीला द्या. टँक विकायचा विषय निम्मा तिथेच मिटेल.

काढलेलं शेवाळ ओल्या कचऱ्यात टाका, नाल्यात किंवा खाडीत नाही. हे मी उगाच सांगत नाही. १९८४ साली मोनॅकोत, सागरी संग्रहालयाच्या अगदी पायथ्याशी, मत्स्यालयांत वापरल्या जाणाऱ्या कॉलर्पा नावाच्या शेवाळाचा छोटासा तुकडा समुद्रात दिसला. पुढे तो भूमध्य समुद्रात हजारो हेक्टरवर पसरला. तेच २००० साली कॅलिफोर्नियात सापडलं, तेव्हा ते निपटायला सहा वर्षं लागली.

खाण्यासाठी औषधाच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा आणा, सात खणांचा. रविवारी रात्री तुम्ही स्वतः प्रत्येक खणात दिवसाचं खाणं मोजून भरा. सकाळी मुलगी अर्धं घालेल, दुपारी आई अर्धं. खण रिकामा म्हणजे त्या दिवशी जेवण झालेलं. क्यूब आठवड्यातून दोनदा, आणि त्या दिवशी खण तसाच सोडायचा. कोणाचा आनंद हिरावून घ्यायचा नाहीये, फक्त तिघांना एकमेकांनी काय घातलं ते दिसायला हवं.

दिवे आठ तास, टायमरवर, दुपारी एक ते रात्री नऊ. म्हणजे तुम्ही घरी आल्यावर टँक बघायलाही मिळेल. प्रवाह वाढवा, दगडांमागे घाण साठू देऊ नका. स्किमरचा कप आठवड्यातून दोनदा धुवा, गळ्याशी चिकटलेला चिकट थर फेस चढू देत नाही. संपमध्ये जागा असेल तर तिथे एक छोटा दिवा आणि मूठभर किटोमॉर्फा: गुंतलेल्या हिरव्या तारेसारखं शेवाळ, कशाला चिकटत नाही, वाढलं की अर्धं कापून फेकायचं. जे शेवाळ वरती नको तेच खाली पोसायचं. दुकानदार कॉलर्पा देऊ करेल. नको म्हणा, वरची गोष्ट आठवा. फॉस्फेट शोषणारी लोहाची पावडर आत्ताच नको. फॉस्फेट दगडांतही मुरलेलं असतं, ते महिनोन् महिने हळूहळू सुटत राहतं, म्हणून पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही तर निराश होऊ नका. आठ ते बारा आठवडे धरा. दर रविवारी एकाच जागी उभं राहून एक फोटो काढा, कारण रोज बघणाऱ्या डोळ्याला काहीच कमी झालेलं दिसत नाही.

आणि तोंडं. समुद्रातल्या प्रवाळांवर शेवाळ उगवत नाही असं नाही, ते दर क्षणी उगवतं आणि दर क्षणी खाल्लं जातं. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रातले लांब काट्यांचे काळे सागरी अर्चिन एका साथीत जवळपास सगळेच मेले, नव्वद टक्क्यांहून जास्त. पाण्यात कोणी खत ओतलं नव्हतं. चरणारे गेले आणि काही वर्षांत जमैकाचे प्रवाळ शेवाळाखाली गाडले गेले. तुमच्या टँकमध्ये या घडीला शेवाळ खाणारं एकही तोंड नाही. सर्जन मासा आणू का, असं तुम्ही विचारलंय. नको, २०० लिटर त्याला खोलीत कोंडल्यासारखं होईल, आणि प्रत्येक नव्या तोंडामागे एक शेपटीही येते, तिच्याखालून काय पडतं ते तुम्हाला माहीत आहे. गोगलगायी घ्या: टर्बो किंवा तत्सम, आधी पाच, तीन आठवड्यांनी आणखी चार. शेवाळ हाताने आखूड करून मगच सोडा. लांब केस त्यांना खाता येत नाहीत, कोवळे खुंट त्या साफ करतात. दुकानाच्या पिशवीतून थेट टँकमध्ये नको, तासभर थेंब-थेंब टँकचं पाणी पिशवीत सोडत सवय करा. खारटपणातला फरक माशांपेक्षा त्यांना जास्त बाधतो.

विकायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. तुम्हाला मासे बघण्यात अजून गंमत वाटते का, की फक्त हरायचं नाही म्हणून चालू आहे, हे मात्र स्वतःला विचारा. दुसरं असेल तर विकण्यात कमीपणा नाही. पण निर्णय बाराव्या आठवड्याचा फोटो पहिल्याशेजारी ठेवून घ्या, कोपरापर्यंत हात ओले असताना रविवारी दुपारी घेऊ नका.

मुलीला आज रात्रीच सांगा, शेवाळाने मासे मरत नाहीत. ते कोरलना गुदमरवतं, आणि तुमच्याकडे कोरल नाहीत. तुमच्या निमोंच्या दृष्टीने दगडांवर गवत उगवलंय, एवढंच. मग तिला एक काम द्या. गोगलगायी आल्या की दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने, टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावून, त्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. त्या रात्रीच जास्त फिरतात. एखादी उताणी पडलेली दिसली तर सरळ करायची, काहींना स्वतःहून उलटता येत नाही. पाच सोडल्या आणि दोन रात्री चारच दिसल्या, तर पाचवी कुठे आहे ते दगडामागे शोधा आणि उचलून वास घ्या. मेलेली असेल तर एका श्वासात कळेल, आणि ती त्याच रात्री बाहेर काढायची.